चवदार तळे, महापालिकेचा तलाव आणि 'ते चार दिवस'

कोल्हापुरातल्या सामाजिक लढ्याची सुरुवात एका अंघोळीपासून झाली. १८९९ सालच्या कार्तिक महिन्यात राजर्षी शाहू महाराज पहाटे पंचगंगेवर स्नानाला गेले. सोबतच्या नारायण भटाने स्वतः अंघोळ न करताच मंत्र म्हणायला सुरुवात केली. महाराजांबरोबर राजारामशास्त्री भागवत होते. हे मंत्र वेदोक्त नसून पुराणोक्त आहेत, हे त्यांनी लक्षात आणून दिले. भटजीचे उत्तर तयार होते. शूद्राला पुराणोक्तच सांगायचे, आणि पुराणोक्त सांगायला भटजीने अंघोळ केलेली असण्याची गरज नाही. म्हणजे छत्रपती कार्तिकातल्या थंडीत नदीच्या पाण्यात, आणि त्यांना शुद्ध करायला आलेला माणूस पारोसा!

वेदोक्ताचे राजकारण पुढे कुठवर गेले हे आपल्याला माहीत आहे. आम्हाला त्या प्रसंगातले पाणी महत्त्वाचे वाटते. कोण कोणत्या पाण्यात उतरणार, कोणाच्या उतरण्याने पाणी बाटणार आणि कोणाच्या मंत्राने ते पुन्हा पवित्र होणार, हे ठरवण्याचा अधिकार म्हणजेच ब्राह्मणी सत्ता. याच शहरात सरकारी पागेत काम करणारे गंगाराम कांबळे मराठा नोकरांसाठी राखलेल्या हौदातले पाणी प्यायले म्हणून संताराम आणि त्याच्या साथीदारांनी त्यांना बेदम मारले. महाराज तेव्हा दिल्लीला होते. परत आल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, शिवाय गंगारामांना भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढायला लावले आणि तिथे स्वतः जाऊन चहा प्यायला सुरुवात केली. १९१९ साली संस्थानातले सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने सर्वांना खुले करणारे हुकूम निघाले. पुढच्याच वर्षी, मार्च १९२० मध्ये, माणगावला परिषद भरली आणि महाराजांनी बाबासाहेबांना जाहीरपणे पुढारी म्हणून मान्यता दिली. सात वर्षांनी महाड.

हा सगळा इतिहास आम्ही पुन्हा सांगतो आहोत तो एका साध्या प्रश्नासाठी. पाळी चालू असताना मुलीने पोहायला जावे का? काही कार्यकर्ते कपाळाला आठ्या घालतील. हा डॉक्टरांचा विषय, फार तर आई आणि लेकीचा, चळवळीचा कुठून आला? आमचे म्हणणे असे की हा पाण्याचा प्रश्न आहे, आणि पाण्याचा प्रश्न आपला नसेल तर मग कोणाचा?

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातला ८५ वा श्लोक काढून बघा. कोणाला शिवल्यावर अंघोळ करावी लागते त्यांची ती यादी आहे. चांडाळ, पाळी आलेली स्त्री, पतित, बाळंतीण, प्रेत आणि प्रेताला शिवलेला माणूस. एका दमात, एका ओळीत! आपला आजा आणि त्या घरची 'बाहेर बसलेली' सून यांना या ग्रंथाने शेजारी शेजारी बसवले आहे. पाळी आलेल्या स्त्रीला तिथे शब्द वापरला आहे 'उदक्या'. उदक म्हणजे पाणी. जिला शुद्ध व्हायला पाणी लागणार आहे, ती उदक्या. तिची ओळखच पाण्यावरून, आणि त्याच पाण्यापासून तिला दूर ठेवायचे.

किती दूर, तेही लिहून ठेवले आहे. तैत्तिरीय संहितेत इंद्राची गोष्ट येते. त्याने विश्वरूपाला मारले, ब्रह्महत्येचे पाप लागले, ते त्याने वाटून टाकले. एक भाग जमिनीला, एक झाडांना, एक स्त्रियांना. स्त्रियांच्या वाट्याला आलेले पाप म्हणजे पाळी. पुरुषाने खून करायचा आणि डाग बाईच्या लुगड्यावर पडायचा, ही वाटणी आपल्या ओळखीची आहे. त्यापुढे तीन रात्रींचे नियम येतात. त्या दिवसांत तिने केस विंचरू नयेत, काजळ घालू नये, नखे काढू नयेत, दोरी वळू नये. प्रत्येक मनाईला एक शाप जोडलेला, आणि तो तिला नाही, तिच्या होणाऱ्या मुलाला. त्या दिवसांत जी अंघोळ करील तिचे मूल पाण्यात बुडून मरणारे निघेल, असा एक शाप त्यात आहे. बाईला पाण्यापासून तोडण्याची भीती तीन हजार वर्षांपूर्वी अशी पेरली गेली. आज आई जेव्हा लेकीला सांगते की "या दिवसांत पाण्यात जाऊ नको, पुढे मुलं होताना त्रास होतो", तेव्हा बिचारीला तैत्तिरीय संहिता हे नावही माहीत नसते. पण शाप तिच्यापर्यंत पोहोचला आहे. त्याने फक्त वैद्यकीय अंगरखा घातला आहे.

मग पाणी कधी चालते? प्रायश्चित्ताला. भाद्रपदात गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी येते. पाळीच्या काळात नकळत शिवाशिव झाली त्याचे पाप धुण्यासाठी बायांनी नदीवर अंघोळ करायची, बैलाच्या श्रमाचे काही खायचे नाही. कहाणीतली बाई पाळीचा विटाळ पाळला नाही म्हणून पुढच्या जन्मी कुत्री होते. त्या दिवशी पंचगंगेवरही बाया असतात. बाईने पाण्यात उतरायला हरकत नाही, मात्र अपराधी म्हणून उतरावे. आनंदाने, हातपाय मारत उतरू नये.

इथे एक आक्षेप येईल आणि तो यायलाच हवा. बाबासाहेबांनी 'अस्पृश्य मूळचे कोण?' या ग्रंथाच्या सुरुवातीलाच हा फरक करून ठेवला आहे. जन्म, मृत्यू, पाळी यांचा विटाळ जगातल्या अनेक समाजांत आहे, पण तो तात्पुरता असतो. ठरलेले दिवस संपले, अंघोळ झाली, माणूस परत माणसांत. हिंदूंची अस्पृश्यता मात्र जन्मभराची, पिढ्यान्‌पिढ्यांची आणि अख्ख्या वस्तीची. तिला अंघोळ नाही, प्रायश्चित्त नाही. हा फरक पुसायचा आमचा अजिबात हेतू नाही. सवर्ण घरातली बाई चौथ्या दिवशी न्हाऊन देवघरात जाते आणि पाचव्या दिवशी कामवालीचा कप वेगळा ठेवते, हे आम्ही रोज बघतो. 'आम्ही पण महिन्यातून चार दिवस अस्पृश्यच असतो ना' असे एखाद्या सभेत कोणी हसत हसत म्हटले की आमचे डोके फिरते.

पण दोन्ही एक नाहीत म्हणून दोन्ही एकाच वहीत लिहिलेले नाहीत, असे होत नाही. वही तीच आहे, हिशेब लिहिणाराही तोच. आणि आपल्या बाईच्या नावावर दोन्ही खाती निघतात. चौदाव्या शतकात चोखोबांच्या सोयराबाईने हे ओळखले होते. देहाचा विटाळ मानता, पण ज्यातून देह घडतो तोच विटाळ असेल तर निर्विटाळ उरला कोण, असा तिच्या अभंगाचा सवाल आहे. महार बाईने विचारलेला हा सवाल दोन्ही विटाळांना एकाच वेळी लागू पडतो. त्याचे उत्तर सातशे वर्षांत एकाही शास्त्र्याला देता आलेले नाही.

आता महाड. मुंबई विधिमंडळात ४ ऑगस्ट १९२३ ला बोले ठराव झाला, महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत तो स्वीकारला, आणि तरीही तळ्यावर जायची कोणाची छाती झाली नाही. कागदावर खुले, प्रत्यक्षात बंद. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंना घेऊन उतरले. नंतर सनातन्यांनी तळे 'शुद्ध' केले, ते कशाने? शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतून. माणसाच्या ओंजळीने बाटलेले पाणी जनावराच्या मुताने शुद्ध झाले! दहा वर्षे खटला चालला, १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. त्याच १९२७ च्या डिसेंबरात महाडला दुसरी परिषद झाली, मनुस्मृती जाळली गेली, आणि बाबासाहेब तिथे जमलेल्या स्त्रियांशी वेगळे बोलले. कशा राहा, कसे नेसा, मुलींना शिकवा. चांडाळ आणि उदक्या ज्या पानावर शेजारी बसवले होते ते पान तिथे जळाले, आणि त्याच मंडपात बाया ताठ मानेने बसल्या होत्या.

चवदार तळ्याचे पाणी पिऊन आपण अमर होणार नाही, आपण माणूस आहोत हे सांगायला तिथे जायचे आहे, हा बाबासाहेबांचा मुद्दा संविधानात कसा उतरला ते कलम १५ (२) मध्ये वाचा. पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशातून चालणाऱ्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा वापरताना धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कोणत्याही नागरिकावर कसलीही अट किंवा बंदी घालता येणार नाही. आपण हे कलम जातीसाठी पाठ केले. त्यात 'लिंग' हा शब्द आहे आणि 'तलाव' हाही आहे. रंकाळ्याजवळचा अंबाई टँक काय किंवा रमणमळ्याचा जलतरण तलाव काय, महापालिकेचे तलाव सार्वजनिक पैशातूनच उभे राहतात. संविधानाच्या भाषेत बोलायचे तर ती आपली चवदार तळी आहेत.

शबरीमला निकालात २८ सप्टेंबर २०१८ ला न्या. धनंजय चंद्रचूड यांनी स्पष्ट लिहिले की पाळीवरून स्त्रीला बाहेर ठेवणे हा अस्पृश्यतेचाच प्रकार आहे आणि त्याला कलम १७ लागू होते. पीठातल्या एकमेव स्त्री न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी विरोधी मत दिले. पुढे ते प्रकरण मोठ्या पीठाकडे गेले. देवळात जाण्याची आम्हाला हौस नाही. एप्रिल २०१६ मध्ये अंबाबाईच्या गाभाऱ्यात जाण्यावरून या शहरात काय धिंगाणा झाला तो सर्वांनी पाहिला, आणि तो देव ज्यांचा त्यांनी तो प्रश्न सोडवावा. पण तलाव देवाचा नाही. तिथे पुजारी नाही, सोवळे नाही. तरी मुलगी महिन्यातले चार-पाच दिवस तिथून गायब का होते?

बहुतेक ठिकाणी पाटी लागत नाही. लागायची गरजच पडत नाही. प्रशिक्षक 'तेवढे दिवस येऊ नको' असे खालच्या आवाजात सांगतात किंवा तेही सांगत नाहीत, मुलगी स्वतःच घरी राहते. उन्हाळी वर्ग तीन आठवड्यांचा असेल तर त्यातला पाव भाग इथेच जातो, फी मात्र पूर्ण. नुकती पाण्यावर तरंगायला शिकलेली मुलगी पाच दिवसांनी परत येते तेव्हा पुन्हा काठ धरून उभी. पहिली पाळी आली की पुष्कळ मुलींचे पोहणे कायमचे सुटते. पोरगा मात्र पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलला जातो आणि आठ दिवसांत मुटका मारू लागतो. कोल्हापूरने वीरधवल खाडेसारखा ऑलिंपिकपर्यंत गेलेला जलतरणपटू दिला याचा आम्हाला अभिमान आहे. आपल्या वस्तीतल्या किती मुलींना पोहता येते, एवढेच आम्ही विचारतो.

पाणी खराब होते म्हणाल, तर हिशेब करा. एका पाळीत जाणारे रक्त साधारण ३० ते ४० मिलिलिटर, आणि तेही चार-पाच दिवसांत मिळून. २५ मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात साडेचार लाख लिटर पाणी असते, त्यात क्लोरीन असते, ते गाळले जाते. त्याच तलावात पोहणाऱ्यांचा घाम, थुंकी आणि आणखी काय काय जाते ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याबद्दल कोणाला विटाळ होत नाही. जयंती नाल्याचे सांडपाणी पंचगंगेत मिसळत आले, तरी नदी पवित्र. मग घाण नेमकी कशाला म्हणतात?

बाकी गोष्ट सोपी आहे आणि ती मुलींना सरळ शब्दांत सांगितली पाहिजे. पॅड घालून पाण्यात उतरायचे नाही, कारण ते तलावाचेच पाणी शोषून फुगते आणि निकामी होते. टॅम्पॉन शरीराच्या आत बसतो, दोरी आत दुमडून घ्यायची, पोहून आल्यावर बदलायचा, आणि एरवीही आठ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. सिलिकॉनचा कप त्याहून परवडतो. काही शे रुपयांना मिळतो, धुऊन-उकळून वर्षानुवर्षे चालतो, बारा तासांपर्यंत ठेवता येतो. तो घालायला जमेपर्यंत दोन-तीन पाळ्या सरावात जातात, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पाळीसाठी बनवलेले पोहण्याचे कपडेही मिळतात, कमी स्राव असेल तेव्हा तेवढेही पुरतात. पाण्यात पाळी थांबत नाही, पण पाण्याच्या दाबामुळे स्राव सहसा बाहेर वाहत नाही. वर येताना गडद टॉवेल हाताशी असला की झाले. पाळीत पोहल्याने गर्भाशय बिघडतो, मूल होत नाही, याला कसलाही वैद्यकीय आधार नाही. उलट हलके पोहल्याने कित्येकींच्या ओटीपोटाचे दुखणे कमी होते. आणि जिला फार दुखते, फार जाते, तिने खुशाल झोपून राहावे. मात्र ते तिने ठरवावे, आणि दर महिन्याला फार जात असेल तर डॉक्टरला दाखवावे.

हे सगळे मुलींपर्यंत पोहोचलेले नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते २४ वयाच्या मुलींपैकी ६४ टक्क्यांनी सॅनिटरी पॅड आणि जवळपास निम्म्या जणींनी कापड वापरत असल्याचे सांगितले (काही जणी दोन्ही वापरतात). टॅम्पॉन आणि कप मिळून आकडा दोन टक्क्यांच्या आसपास. हा प्रश्न एकट्या भारताचाही नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये चीनची फू युआनहुई रिले शर्यतीनंतर कॅमेऱ्यासमोर म्हणाली की कालच पाळी आली, म्हणून थकवा आहे, पण ती सबब नाही. पाळीत पोहता येते हेच कित्येक चिनी लोकांना त्या दिवशी कळले. टॅम्पॉनचे पेटंट अमेरिकेत १९३३ साली दिले गेले आहे! वस्तू ऐंशी वर्षांपूर्वी तयार होती. अडला होता तो शब्द.

आपल्या घरातही तो अडलेला आहे. दारावर पंचशील ध्वज, भिंतीवर बुद्ध-बाबासाहेब, आणि मुलगी आली की आजी म्हणते "कावळा शिवलाय". वंदनेला ती मागे बसते. तिला कोणी सांगितलेले नसते, तिची आई मागे बसायची म्हणून ती बसते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात कावळा आला कुठून? विनयपिटकात पाळी आलेल्या भिक्खुणीसाठी संघात वेगळे वस्त्र ठेवण्याची तरतूद आहे. चौथ्या दिवशी ते सोडायचे, म्हणजे दुसरीच्या कामी येईल. सोयीचा नियम आहे, विटाळाचा नाही. विशाखेने बुद्धांकडे मागितलेल्या आठ वरांत भिक्खुणींना अंघोळीचे वस्त्र देण्याची परवानगी हा एक वर होता. आणि थेरीगाथेतली पुण्णिका? दुसऱ्याच्या घरी पाणी भरणारी दासी. थंडीत नदीत बुडी मारून पाप धुणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते की पाण्याने पाप धुतले जात असेल तर बेडूक आणि कासवे सगळी स्वर्गात जातील का. वेदोक्ताच्या दोन हजारांहून अधिक वर्षे आधी नदीकाठी झालेला हा वाद पाणी भरणाऱ्या बाईने जिंकला आहे. पुढे बौद्ध देशांत सगळे धुतल्या तांदळासारखे राहिले असे नाही. उत्तर थायलंडमधल्या काही विहारांत स्तूपाच्या आवारात स्त्रियांना आजही मज्जाव आहे, आणि कारण पाळीचेच सांगतात. त्यांची री आपण ओढायची गरज नाही.

शेवटचा आक्षेप आमच्याच मित्रांचा. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात ऊसतोडीला येणाऱ्या बाईला पाळीत धुवायला पाणी नाही, आणि तुम्ही पोहण्याचे काय घेऊन बसलात? बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली, हा आकडा २०१९ च्या शासकीय समितीचा आहे. पाळीमुळे खाडा नको, खाड्याचा दंड नको, म्हणून अवयवच काढून टाकायचा! कारखान्यावरच्या बाईला पाणी आणि आडोसा मिळवून देणे हे आधीचे काम आहे, यावर आमचा वाद नाही. पण तिच्या मुलीने तलावात उतरू नये असे कोणी ठरवले? कोरडी राहिलेली आई आणि काठावर बसलेली लेक, दोघींच्या आड येणारी गोष्ट एकच आहे.

आणि पोहणे ही चैन नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुका पाण्याखाली होता. शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला बोट उलटली, माणसे गेली, त्यांत बायाही होत्या, लेकरेही होती. पुराचे पाणी कोणाची तारीख विचारून येत नाही.

तेव्हा या उन्हाळ्यात वर्ग सुरू होण्यापूर्वी आपापल्या शहरातल्या तलावावर माहिती अधिकाराचा एक अर्ज टाका, दहा रुपयांत होतो. तलावाच्या नियमावलीची प्रत मागा. महिलांच्या कपडे बदलण्याच्या खोलीत कडी, वाहते पाणी आणि झाकणाचा कचरा डबा आहे का, महिला प्रशिक्षक किती आहेत, पाळीच्या कारणाने बुडालेले दिवस भरून देण्याची काही सोय आहे का, हे विचारा. अर्जावर मुलींच्या सह्या घ्या, आणि विषयाच्या ओळीत 'महिलांची अडचण' असे लिहू नका, 'मासिक पाळी' असे लिहा. उत्तर आले की आम्हाला कळवा, सगळ्या शहरांची उत्तरे आम्ही इथे एकत्र छापू. जय भीम.